सावलीतला सिनेरारिया

गणपती गेले आणि मागोमाग मी आणि शालनने सिनेरारियाचं बी टाकलं. आमचं दोघांचं ते शेवटचं काम. मानपाड्याला घरामागे आमची छोटी नर्सरी आहे, तिथल्या शेडमध्ये. हे बी धुळीसारखं बारीक. शालन ते चाळलेल्या वाळूत कालवायची आणि चिमटीने ट्रेमध्ये सोडायची, रांगोळी टाकल्यासारखं.

"अहो, शिंकायचं असेल तर बाहेर जा. अख्खा बगीचा उडवाल."

मी बाहेर जाऊन शिंकून आलो. मग तिने चहा केला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही. झोपेतच गेली. यावर मला जास्त लिहिता येणार नाही. रोपांवर लिहितो.

सिनेरारिया म्हणजे थंडीतलं फुलझाड. उंची दीड-दोन वीत. पानं मोठी, लवदार. वर डेझीसारख्या फुलांचा गच्च गुच्छ, निळा, जांभळा, गुलाबी. याला उजेड पाहिजे पण कडक ऊन नको. बाकीची फुलझाडं सावलीत रुसून बसतात, हे सावलीत फुलतं. पण आपल्याकडची हवा त्याला गरम पडते, म्हणून इकडे कोणी त्याच्या नादी लागत नाही.

आम्ही लागलेलो ते शालनमुळे. कोलशेतच्या एका सोसायटीचं गार्डन आम्ही बघतो. तिथे दोन टॉवरच्या मधे एक लांब वाफा आहे. ऊन जवळजवळ नाहीच. झेंडू लावला, गेला. शेवंती लावली, गेली. सेक्रेटरी साळुंखे साहेब वैतागले. "मामा, पेव्हर ब्लॉक टाकतो आणि बाइकचं पार्किंग करतो."

शालन तिथेच गवत काढत होती. न उठता बोलली, "साहेब, सव्वीस जानेवारीला झेंड्याला याल तेव्हा इथे फुलं दाखवते. नाही दिसली तर खुशाल टाका ब्लॉक."

"शब्द देताय?"

"दिला."

शब्द देऊन बाई निघून गेली. पाळायचा कोणी? मीच.

बी उगवलं ते सुतकातच. या बियावर माती टाकत नाहीत, आणि वरून पाणीही घालत नाहीत, बी वाहून जातं. ट्रे पाण्याच्या घमेल्यात ठेवायचा, माती खालून पाणी ओढून घेते. मी घमेलं उचललं, तशी गावाहून आलेली वहिनी ओरडली.

"भावजी, सुतकात कामाला लागलात? लोक काय म्हणतील?"

"लोक येऊन पाणी घालणार आहेत का?"

वहिनी पदर खोचून उठली. "सरका तिकडे. घमेलं धरता येत नाही धड आणि निघालेत."

रोपं जगली. पिशव्यांत लावली, मोठी केली. डिसेंबरात गारवा पडल्यावर टेम्पोत घालून कोलशेतला नेली. वाफ्यात शेणखत, कोकोपीट, थोडी वाळू. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या की ती नागअळी, ते पान खुडायचं. संक्रांतीला कळ्या आल्या. मी मनात म्हटलं, शालन, जमलं बघ.

तिथेच गणित फिसकटलं.

सोसायटीतल्या बायकांचं हळदीकुंकू होतं. शालन दरवर्षी जायची. देशमुख मॅडम सगळं बघतात, मनाने चांगल्या. त्यांच्या मनात आलं, शालनताई सवाष्ण गेल्या, यंदा त्यांच्या वाफ्याला मान देऊ. मग प्रत्येकीने वाफ्याला हळदीकुंकू वाहिलं आणि तुळशीला घालतात तसं तांब्याभर पाणी घातलं. दोन टॉवरच्या बायका. तुम्हीच हिशोब करा.

दोन दिवसांनी मी गेलो तेव्हा रोपं माना टाकून पडलेली. वॉचमन पाइप घेऊन उभा.

"मामा, सुकली सगळी. सकाळपासून पाणी मारतोय."

"आधी तो पाइप बंद कर!"

पाणी जास्त झालं तरी रोप मान टाकतं, तहानेने टाकतं तशीच. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. म्हणून आधी मातीत बोट घालून बघायचं. माझं बोट चिखलात बुडालं.

देशमुख मॅडम धावत खाली आल्या. डोळे भरलेले. "मामा, आम्ही प्रेमानेच केलं हो."

"प्रेम दिसलं मॅडम. एवढं प्रेम तुळशीलापण झेपत नाही."

त्या रडता रडता हसल्या. साळुंखे साहेबही आले. "मामा, ब्लॉकवाल्याला फोन लावू का?"

"सव्वीस तारखेला लावा."

मी वाफ्याची कड कापून चर काढला, साचलेलं पाणी गटाराकडे सोडलं. सळईने माती सैल केली, मुळांना धक्का न लावता. मधल्या खोलगट भागातल्या रोपांची मुळं काळी पडलेली. ती उपटून टाकली. मग हात बांधून बसलो. आमच्या धंद्यात हेच काम अवघड. काही न करणं. देशमुख मॅडमनी वाफ्याजवळ खुर्ची टाकली आणि तांब्या घेऊन येणाऱ्या एकेकीला परत पाठवलं.

हळूहळू पानं उठली. मग कळ्या.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली आणि सगळे वाफ्यापाशी आले. निळी फुलं जास्त, गुलाबी थोडी कमी. साळुंखे साहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताई जिंकल्या. ब्लॉक रद्द."

मी जिलेबी तोंडात कोंबली.

देशमुख मॅडम म्हणाल्या, "मामा, मधे जागा मोकळी राहिली आहे. तिथे ताईंच्या नावाची पाटी लावू या?"

"पाटी कशाला? तिथे दोन रोपं मावतील."

धडा म्हणाल तर एवढाच. सावलीत सिनेरारिया लावा, पाणी बेताने द्या, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी वाफ्याजवळ स्वतः उभे राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सरीत उरलेली दोन रोपं घेऊन गेलो आणि त्या जागेत लावली. एक निळं, एक गुलाबी.