परांचीवर चढायला नकार

परवा बोईसरला आमच्या कामावर एक प्रसंग घडला...

तारापूरकडे विजेच्या केंद्राचं काम निघाल्यापासून इकडे जिथेतिथे बांधकामं सुरू आहेत. स्टेशनजवळ एका व्यापाऱ्याचं गोदाम उभं राहतंय, तिथे मी मुकादम आहे.

भिंत दोन पुरुष उंच गेली आहे. बांबूची परांची, वर एकेक फळी, कडेला आधाराचा बांबू नाही. माणसं अनवाणी चढतात, कमरेला दोर कुणी बांधत नाही... सगळीकडे असंच चालतं, म्हणून मीही कधी मनावर घेतलं नाही. सकाळी उदबत्ती लावायची आणि माणसं वर पाठवायची.

परवा किनाऱ्यावरच्या दांडी गावचा हरी चढेना. हा कोळी, होडी सोडून चार महिन्यांपूर्वी आमच्याकडे आलेला.

"गाठी सैल हायत, दादा. पावसात बांधलेली सुंभाची दोरी, आता उनात सुकली. मी नाय चढनार. यांना पन चढवू नका."

"दर्यात जातोस आणि परांचीला भितोस होय रे?" गणपत मिस्त्री म्हणाला.

"दर्यात पडलो तर पोहता येतं."

सगळे हसले. मला मात्र राग आला... पूजा झाल्यावर असं अभद्र बोलणं. म्हटलं, "चढायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस." त्याच्या घरी पाच माणसं खाणारी आहेत, हे मला ठाऊक होतं.

मग त्याला लाजवायला मी स्वतःच चढलो. वरच्या फळीवर पाय ठेवला, तसा खालचा आडवा बांबू वीतभर घसरला आणि फळी कलंडली. मी उभ्या बांबूला मिठी मारली.

खालून हरीचा आवाज आला, अगदी शांत. "खाली बघू नका. डावा पाय सोडा... आता उजवा." तसा उतरलो. त्या फळीवर रोज चार माणसं आणि विटांची घमेली असतात.

काम बंद ठेवलं. हरीने एकेक गाठ सोडून पुन्हा आवळली. गणपत दोरी देत राहिला.

संध्याकाळी हरी हातपाय धुऊन माझ्यासमोर उभा राहिला. "उद्या येऊ ना, दादा?"

म्हणजे दिवसभर त्याने त्या गाठी आपलं काम सुटलंय असं धरूनच बांधल्या होत्या... मी म्हटलं, "ये." अशी माणसं देव आपल्याजवळ ठेवतो, ही त्याची कृपा.