कटिंगच्या टेबलावरची देवगिरी

तरुणपणी मी फार शहाणी होते. देवगिरीची लढाई मी एकटीनं जिंकून दिली असती, असं दर वर्षी वर्गात सांगायची. पालमच्या शाळेत इतिहास शिकवायला होते; कडक खळीची साडी, बोटांत खडू, आणि तोंडात सगळ्या राजांच्या चुका. दिल्लीच्या फौजेनं वेढा घातलेला, यादवांचं मोठं सैन्य नेमकं बाहेर, आणि गडावर घाईनं नेलेली पोती फोडली तर धान्याऐवजी मीठ! "मी असते तर आधी पोत्यात हात घालून बघितला असता," असं म्हणून मी वर्गाकडं बघायची. जणू यादव थोडक्यात हुकले, मला विचारायचं राहून गेलं.

एकदा मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "पण बाई, दुश्मन पायथ्याला आलाय. मीठ हाय असं कळलं तरी दुसरं धान्य कुठून आणायचं?"

मी तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं.

तीच लढाई मला सत्तरी ओलांडल्यावर खरोखर लढावी लागली, तीही घरातल्या कटिंगच्या टेबलावर.

आमचे मालक टेलर. बसस्टँडसमोर त्यांचं दुकान होतं. गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला, आणि दुकानातलं कापड बेतायचं टेबल घरी आलं. बोलणं परत आलं, चालणं आलं, उजवा हात तेवढा आला नाही. परभणीला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "बारीक वस्तू उचलून ठेवायला लावा. येत्या काही महिन्यांत बोटं सुटली तर सुटली, पुढं अवघड आहे. आणि आज्जी, तुम्ही मदत करायची नाही. तुम्ही केलीत की हात शिकायचा थांबतो."

मी हरभऱ्याचं ताट पुढं ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं ते उधळून लावलं. "मी बालवाडीत हाय का, मास्तरीणबाई?" पुढं आठ दिवस मला कपाटाखाली हरभरे सापडत होते.

मग नातीचं खोकं आठवलं. ती पुण्यात नोकरी करते आणि फावल्या वेळात लढाया करते. बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिक टेबलावर मांडायचे, टेपनं अंतर मोजून एकेक पुढं सरकवायचा, कोण मेलं ते फासे टाकून ठरवायचं. दिवाळीला आली तेव्हा देवगिरीच्या लढाईचे नियम कागदावर लिहून, खोकं आमच्याकडंच सोडून गेली. सैनिक मात्र विलायती, नखशिखांत लोखंडात. मालकांनी एक डोळ्याजवळ धरला.

"आपल्या उन्हात ह्यानं पत्रा घातलाय? घामोळ्यानंच मरंल की."

ते रंग सांगायचे, मी लावायची. पत्र्यावर धोतरं चढली, झुबकेदार मिशा आल्या. गड म्हणून घमेलं उपडं घातलं, खंदक निळ्या अस्तराच्या चिंध्यांचा केला. मी यादव, ते दिल्लीवाले. एकच नियम माझा: ज्याची चाल त्यानंच करायची, तीही उजव्या हातानं.

माझी बाजू पहिल्याच दिवशी कळली. माणसं मोजकी, मोठं सैन्य यायला फाशात सहा पडायला हवा, आणि सहा काही पडेना. नातीला फोन लावला. "मी पोती आधीच तपासून घेतली तर?"

"घे की आज्जी. मीठ ते मीठच."

मागच्या बाकावरची पोरगी आता आजी झाली असेल. तिला बसा म्हणायचं राहिलंच माझ्याकडून.

पण माझा जीव गडात नव्हताच. त्यांचा एक घोडेस्वार खंदकाच्या काठावर आला होता. तो उचलायचा, अलीकडून पलीकडं ठेवायचा, एवढीच चाल. हरभरा उधळणारा माणूस त्या घोड्याकडं सकाळपासून बघत होता. मी टाकलेला एक फासा मुद्दाम कॉटखाली जाऊ दिला, ते वाकून बघायला लागले, तेवढ्यात घोडा हळूच पुढं ढकलला. हाताला तेवढंच कमी जावं लागेल.

"हात लावलास."

"न्हाई वो."

"अर्धा इंच सरकलाय. हात गेलाय माझा, नजर न्हाई गेली. ठेव माघारी."

ठेवला. मग त्यांनी उजवा हात टेबलावर आणला, कोपर टेकवून, सावकाश. दोन वेळा घोडा बोटांतून निसटला. तिसऱ्यांदा धरला, उचलला, खंदकावरून पलीकडं नेला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

घोडा जागेवर पोचला आणि बोटं उघडेनात.

धरणं जमलं होतं, सोडणं जमेना. अंगठा पांढरा पडला. कपाळावर घाम आला. आत गॅसवर दूध उतू गेल्याचा वास यायला लागला, तरी मी उठले नाही. मी उठले तर ते सोडून देतील, सगळंच, असं वाटलं. हात थरथरायला लागला, घमेलं हललं, माझे तिरंदाज पटापट आडवे झाले, आणि घोडा मुठीतच.

"सुटंना गं," ते म्हणाले.

सगळ्या राजांच्या चुका मला पाठ होत्या. इथं चूक कुणाची, तेच सापडेना. डॉक्टरीणबाई आठवल्या, तरी मी एकेक बोट उलगडलं, करंगळीपासून. घोड्याचा कान तळहातात रुतला होता.

"नियम मोडलास," ते म्हणाले.

"मोडला."

"मग ही चाल धरायची न्हाई. घोडा अलीकडं ठेव."

ठेवला. त्यांनी पुन्हा उचलला. पुन्हा बोटं उघडली नाहीत; पुन्हा मी ती उलगडली, पुन्हा घोडा अलीकडं. दुसऱ्या दिवशी नाहीत, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाहीत. पाहुणे आले की विचारतात, हे आवरत का नाही? जेवणाची ताटं आम्ही मांडीवर घेतो. माझे तिरंदाज मी उभे करून ठेवलेत. त्या टेबलावर फडकंसुद्धा फिरवत नाही, कारण चाल अजून त्यांचीच आहे.