राख होते ते बाजूला

रायपूरजवळच्या बीरगांवात सत्यभामाबाईंबद्दल एक गोष्ट सांगितली जाते, आणि सांगणाऱ्यागणिक तिची चाल बदलते. किराणावाला गल्ल्यावर कोपर टेकवतो, आवाज खाली उतरवतो आणि म्हणतो, "वो पंडरी में कपड़ा दुकानवाली दीदी है ना? खुद के लड़के को सस्ता नायलॉन पहना के पहाड़ भेज दी. बचत करने गई, लड़का गया." नळावरची काकू हेच पदर तोंडाला लावून सांगते, मधेमधे स्वतःलाच 'हव, हव' असा होकार भरत. ऑटोवाल्याच्या गोष्टीत बर्फाचं वादळ असतं, आणि सवारी लांबची असेल तर अस्वलही.

अस्वल नव्हतं. वादळही नव्हतं, गारा होत्या, आणि मग पाऊस. आणि नायलॉनचं तर बरोबर उलटं आहे. सत्यभामाबाईंनी मुलाला, यशदीपला, पंडरीच्या कापडबाजारातलं सगळ्यात चांगलं, सगळ्यात जाड, शुद्ध सुती कापड घालून पाठवलं होतं. नायलॉनचं एक जॅकेट त्यानं बॅगेत कोंबलं होतं, ते त्यांनीच बाहेर काढून खुंटीला परत लावलं. अफवा त्यांच्या कानावर आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तसं केलं असतं तर घरी असता." अफवा मात्र आहे तशीच फिरत राहिली.

त्यांच्याकडून ही चूक कशी झाली, हे कळायला त्यांचं काम कळलं पाहिजे. अनंतरावांच्या ठोक कापड दुकानात बाई बावीस वर्षं माल तपासतात. गठ्ठा उघडला की टोकाचा एक दोरा ओढायचा आणि काडी पेटवून तिच्यावर धरायचा. सुताचा दोरा कागदासारखा भुरभुर जळतो, चिमटीत चोळला की राख. पॉलिस्टर आणि नायलॉन आक्रसतात, वितळतात आणि टोकाला काळी टणक गोळी होते. गोळी झाली की माल परत. व्यापारी गयावया करायचा, "दीदी, थोड़ा सा मिक्स है बस." बाई म्हणायच्या, "दुधात माशी बी थोडीच असते, भैया." अनंतराव गादीवरून पानाची पिंक गिळत ओरडायचे, "सत्यभामाबाई, गिऱ्हाईक ताटकळून राहिलं, तुमची होळी मागून पेटवा." पण बाईंनी नाकारलेला गठ्ठा त्यांनी कधी ठेवून घेतला नाही.

शिवाय रायपूरच्या माणसाला वैरी एकच ठाऊक, ऊन. मेमध्ये अंगावर सूत असलं तर माणूस तरतो, गोळी होणारं कापड असलं तर घामोळ्यांनी सोलून निघतो. थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत सकाळी शाल, दहा वाजता ती खांद्यावर, अकराला घडी. ओली थंडी नावाचं काही जगात असतं हे बाईंना कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायला त्या कोणाकडे गेल्या नव्हत्या. कापडातलं त्यांना कळत होतं ना.

चार वर्षांपूर्वी, जूनच्या सुरुवातीला, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला यशदीप तीन मित्रांबरोबर हिमाचलात चार दिवस पायी फिरायला निघाला. पहिलीच वेळ. बाईंनी जाड डेनिमच्या दोन जीन्स आणल्या, खादीचे शर्ट, सुती दुलईसारखा एक स्वेटर. बाप दयाराम रोलिंग मिलमध्ये, त्याला कारखान्यातून थंडीचं जॅकेट मिळालं होतं. नारिंगी, चकचकीत, आत कापसासारखा कसलासा भराव, पाठीवर मिलचं नाव. यशदीपनं ते बॅगेत टाकलं.

"हे काहून घेतलं?" बाईंनी विचारलं.

"हलकं आहे ना माय."

"कचऱ्याच्या पन्नीवानी चमकते. कापडबाजारातल्या बाईचं पोरगं हे घालून हिंडन?"

तो हसला. त्यानं ओढाताण केली नाही. हीच गोष्ट त्यांना पुढे सगळ्यात जास्त छळते, की पोरानं हट्ट केला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गारा आल्या, मग पाऊस, मग वारा. तंबू दोन तासांवर होते. जीन्सनं पाणी पिऊन घेतलं आणि विटा बांधल्यासारखी ती पायांना ओढू लागली, स्वेटर पिळला तरी ओलाच. मित्र नंतर घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि चहा तसाच ठेवून त्यातल्या एकानं सांगितलं, "काकू, तो दारू पिल्यावानी बोलायला लागला. शब्द लांबवून. आम्हाले वाटलं नकला करून राहिला. आम्ही हसलो." मग यशदीप एका दगडावर बसला, आणि उठला नाही.

कपडे बंद पिशवीत आले. नवव्या दिवशी बाईंनी पिशवी उघडली तर जीन्स अजून ओली. त्यांनी ती अंगणात दोरीवर टाकली. तिकडे जी तो मरेपर्यंत सुकली नाही, ती रायपूरच्या उन्हात पाऊण तासात पापडासारखी कडक झाली. बाई दोरीखाली उभ्या राहून बघत होत्या. दयारामनं येऊन ती खाली काढली. नारिंगी जॅकेट मात्र त्यानं खुंटीवरून कधी काढलं नाही, आणि बाईंनी काढू दिलं नाही. तो कामावर जुना स्वेटर घालून जातो.

यंदाच्या जानेवारीत बाईंची भाची रुचिता आली. रायपुरातच तेलीबांध्याला राहणारी, अकरावीतली. रुचिता म्हणजे हे लिहिणारीच. पण तिला 'मी' म्हणायला दिलं की ती सगळी जागा अडवून बसते, असा घरच्यांचा अनुभव आहे, तेव्हा रुचिताच बरी. ती माणसांचे आवाज काढते. किराणावाला, अनंतराव, नळावरची काकू, सगळे तिच्या गळ्यात राहतात. मे महिन्यात शाळेतली वीस मुलं हिमाचलात जाणार होती, नवख्यांसाठी चार दिवसांची पायपीट. बाप राकेश, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, अर्जावर सही करायला तयार नव्हता आणि नाही म्हणायलाही. त्यानं सरकारी खात्यातल्या माणसासारखी फाईल पुढे सरकवली, "ताई हो म्हणली तर जा."

बाईंनी तीन आठवडे हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. या पोट्टीच्या जाण्याचा विषय निघाला की त्या तांदूळ निवडायला घेत. हो म्हणणं म्हणजे पुन्हा एकदा कोणाची तरी बॅग भरणं, आणि ती भरणारे हात हेच. बावीस वर्षं त्यांनी या बोटांवर विसंबून पोट भरलं होतं, आणि याच बोटांनी ते जॅकेट बाहेर काढलं होतं.

शनिवारी संध्याकाळी रुचिता भरलेली बॅगच घेऊन बीरगांवला आली. "आत्या, तू फक्त बघ. बघायला काय जाते?"

बाईंनी बॅग उलटी केली. दोन जीन्स, पाच टीशर्ट, आईनं दिलेला सतरंजीएवढा टॉवेल, कापडी बूट, एक छत्री, आणि छातीवर डोंगर छापलेली काळी हुडी. त्यांनी देवळीतली काडेपेटी घेतली. पहिल्या जीन्सच्या शिवणीतला दोरा ओढला, जाळला, चोळला.

"राख. बाजूला."

"आत्या, नवी आहे ती."

"त्याची बी नवीच होती." दुसरा दोरा. "राख. बाजूला." टीशर्ट, राख. टॉवेल, राख. शाळेची पीटीची पँट, जी रुचितानं फक्त झोपायला टाकली होती, तिचा दोरा आक्रसला आणि गोळी झाली. बाईंनी ती गोळी नखानं दाबून पाहिली. हे कापड पाणी पीत नाही, म्हणून पँट नीट घडी करून बॅगेच्या तळाशी ठेवली. हेच त्यांनी बावीस वर्षं दुकानात केलं होतं, फक्त ढीग उलटे झाले होते.

मग त्या उठल्या, टेप आणली आणि पोट्टीला पाठमोरी उभी केली. मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत माप घेतलं. "ही बॅग तुले मोठी आहे. पट्टा कमरेवर बसला पाहिजे, इथं. ओझं खांद्यानं नाही उचलत. पाण्याचा गुंड बाया कुठं घेतात? कमरेवर ना? तसं." बूट संध्याकाळीच घ्यायचे, दिवसभर उभं राहून पाय फुगल्यावर, आणि लोकरीचा मोजा घालून. बॅगेच्या आत आधी प्लास्टिकची मोठी पन्नी, मग सामान. झोपायचे कपडे वेगळ्या पन्नीत, आणि कितीही भिजलं तरी ते चालताना घालायचे नाहीत. हे सगळं त्या एका दमात बोलल्या. चार वर्षांत त्यांनी ते कुठून कुठून विचारून, शिकून ठेवलं होतं, ते कोणाच्या कामी येणार याचा पत्ता नसताना.

हुडीच्या दोऱ्याची राख झाली आणि राखेत मोहरीएवढी गोळी निघाली.

"यात सूत जास्त. बाजूला."

"हुडी नाही देणार मी. सगळ्या मुली हुडीवर फोटो काढणार आहेत. जाड आहे किती, हात लावून बघ."

"जाड त्याचंही होतं."

"त्याच्यासोबतचे बावळट होते आत्या. त्यांना कळलं नाही. मी भिजले तरी मला काही होणार नाही. मी तर मरताना पण बडबड करीन." बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली.

बाईंनी खुंटीकडे पाहिलं. "सकाळी पाहू," त्या म्हणाल्या. "जीन्स अन् हुडी टाकीतल्या पाण्यात भिजवायची, अंगात घालायची, ओट्यावर पंख्यासमोर बसायचं. मिलचा सातचा भोंगा होईपर्यंत तुझे ते आवाज काढत राहायचे. न थांबता. काढले तर हुडी ने."

"आणि नाही काढले तर?"

"तर ते जॅकेट."

रुचितानं पाठीवरचं मिलचं नाव वाचलं आणि तोंड वाकडं केलं. पण पैजेला ती नाही म्हणत नाही. हात मिळवून झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की काहीही झालं तरी पोट्टी जाणार आहे, आणि तसं आपणच बोलून बसलो. त्या रात्रीचा स्वयंपाक करताना त्यांनी मीठ दोनदा घातलं.

सकाळी साडेसहाला ओट्यावर धुकं होतं. दयाराम रात्रपाळीहून यायचा होता. टाकीतलं पाणी हाताला चावत होतं. रुचिता ओल्या कपड्यांत पाटावर बसली, पंखा सुरू झाला आणि तिनं अनंतरावांपासून सुरुवात केली, पिंक गिळण्यासकट. मग नळावरची काकू. मग ऑटोवाला, अस्वलासह. बाई समोर बसून ऐकत होत्या. सातव्या मिनिटाला पोट्टीची मान कलली, शब्द लांबले, डोळे अर्धे मिटले.

बाई धडपडत उठल्या.

"फसलीस," रुचिता म्हणाली आणि खदखदून हसली. "दारुड्या होता तो, आत्या. आमच्या पाऱ्यातला, गल्लीतलाच."

बाई परत बसल्या.

पंधराव्या मिनिटाला तिच्या तोंडून किराणावाला आला. "वो पंडरी में... कपड़ा..." दात वाजले, शब्द सांडले. "बचत क... करने ग..." ओठ निळसर दिसत होते, पण धुक्यात सगळंच निळसर दिसतं. बाईंना कळेना. हे नाटक की खरं? त्याचे मित्र, तीन पोरं, पावसात उभी राहून हेच पाहत होती. त्यांनाही कळलं नव्हतं, आणि ती बावळट नव्हती. हे बाईंना त्या ओट्यावर बसून पहिल्यांदा समजलं. जिभेवरून काही ठरत नाही. जीभ नकला करते.

त्यांनी कनवटीची काडेपेटी काढून रुचिताच्या मांडीवर टाकली. "काडी पेटव."

रुचितानं पेटी उघडायला घेतली. बोटं खणावरून घसरली. दुसऱ्यांदा पेटी उघडली आणि सगळ्या काड्या ओट्यावर पडल्या. एक उचलायला तिनं चार वेळा चिमूट केली. ती अजून काहीतरी विनोदी बोलायचा प्रयत्न करत होती आणि आपला हात दुसऱ्या कोणाचा असल्यासारखी त्याच्याकडे बघत होती.

"हे नाही करता येत नाटकात," बाई म्हणाल्या. त्यांनी पंखा बंद केला, पोट्टीला आत ओढलं, ओलं सगळं उतरवलं, कोरडं केलं. मग खुंटीवरून जॅकेट काढलं. चार वर्षांची धूळ झटकायलाही त्या थांबल्या नाहीत.

"आईक. तिथं कोणी लय बडबडला, नाहीतर गप झाला, तर त्याले काडी पेटवायले दे. नाही जमलं तर हसायचं नाही. तिथंच थांबायचं, ओलं काढायचं, कोरडं घालायचं. सरानं म्हणलं तरी पुढं चालायचं नाही."

"हव," रुचिता म्हणाली. एवढंच निघालं.

जॅकेटची चेन बाईंनीच हनुवटीपर्यंत लावली, कारण रुचिताची बोटं ती धरत नव्हती. चेन वर पोचली आणि मग कुठे सातचा भोंगा झाला. पैज ती भोंग्याच्या बारा मिनिटं आधीच हरली होती. मेमध्ये निघालेल्या प्रत्येक फोटोत ती नारिंगी आहे, आणि पाठमोऱ्या फोटोत मिलचं नाव स्पष्ट वाचता येतं.