मी उपासाला गेलो नव्हतो

"टीबी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मी आधी दाराकडे बघितलं. ओळखीचं कुणी ऐकत तर नाही ना, एवढंच माझ्या मनात आलं.

बेळगावच्या त्या दवाखान्यात माझ्या ओळखीचं कुणी असायचं कारणच नव्हतं. संकेश्वर जवळ, निपाणी जवळ, ती दोन्ही सोडून मी मुद्दाम एवढ्या लांब आलो होतो. बाईंची मायबोली कन्नड, पण जमेल तसं मराठीत त्या समजावून सांगत होत्या. पल्मनरी ट्यूबरक्युलोसिस, म्हणजे फुप्फुसाचा क्षय. त्यातून प्लुरल इफ्युजन, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठलेलं. जिना चढताना दम लागायचा तो त्या पाण्यामुळं.

"बरं होतं हे," त्या म्हणाल्या. "सहा महिने गोळ्या. पण आधी अ‍ॅडमिट व्हा. पाणी काढायला पाहिजे."

मी एका लहान ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणजे पाद्री, आहे. निपाणी आणि संकेश्वरच्या मधल्या एका गावात आमची बावीस घरं. पत्र्याचा एक हॉल, त्यात रविवारची उपासना. बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. बाकीचे दिवस बारसं, माती, दवाखाना, सासू-सुनेचं भांडण, जिथं बोलावतील तिथं. सतरा वर्षं झाली. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी पुण्याला दिली आहे, त्यामुळं घरी मी एकटाच.

आमच्या भागात बायका बिड्या वळतात. तंबाखूची धूळ घराघरात असते आणि बारा महिने कुणी ना कुणी खोकत असतं. मी दोन महिने खोकत होतो, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही. आलं-मध चाटत राहिलो. वजन उतरलं तेव्हा लोक म्हणाले, "बारीक झालासा, बरं दिसताय." मी खूश झालो. हे वाचणाऱ्याला पहिली गोष्ट सांगून ठेवतो: खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्या. धुळीला दोष देत बसू नका.

दुसरी गोष्ट सांगायला जरा जड जाते. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की पाळकानं घरी जायचं, डोक्यावर हात ठेवायचा आणि प्रार्थना करायची. बरं झालेला माणूस मग रविवारी उभा राहून साक्ष देतो, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगतो. सतरा वर्षं हात माझा आणि साक्ष लोकांची. आता हात ठेवणाराच टीबीचा निघाला, हे कुणाला आणि कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि टीबी म्हटल्यावर त्या बंद हॉलमध्ये येणार कोण? माझ्याकडं त्या बावीस घरांखेरीज दुसरं काही नाही. ती गेली तर मी गेलो, असं मला वाटत होतं.

म्हणून मी मंडळीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "एकवीस दिवस उपास-प्रार्थनेसाठी एकांतात जात आहे." मुलीला सांगितलं की मिशनच्या सभेला चाललोय, तिथं फोन लागत नाही.

पाळक उपासाला बसला की त्याला फोन करायचा नाही, भेटायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती मीच कडक केलेली. एका वर्षी उपासाच्या पाचव्या दिवशी एकानं गॅसचं सिलिंडर कुठं ठेवलंय म्हणून फोन केला होता. त्या रविवारी मी पाऊण तास त्याच विषयावर बोललो. तेव्हापासून कुणाची हिंमत नाही.

दाखल होताना डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कोण कोण?"

"एकटाच."

"कामाच्या ठिकाणी? बंद जागेत तुमच्याबरोबर कोण बसतं? त्या सगळ्यांची तपासणी करावी लागते." याला कॉन्टॅक्ट ट्रेसिंग म्हणतात, म्हणजे रुग्णाच्या श्वासाच्या टप्प्यात जे जे आले त्यांना शोधणं.

"कुणी नाही," मी म्हणालो. कामाच्या रकान्यात 'खासगी नोकरी' लिहिलं. सतरा वर्षं खरं बोला म्हणून सांगणारा माणूस, पेन सुद्धा अडखळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाठीत सुई घालून लिटरभर पाणी काढलं. वाकून उशीला धरून बसायचं असतं, हलायचं नसतं. दुखतं, पण सोसतं. श्वास लगेच मोकळा झाला. गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी होते, घाबरू नका, औषधाचा रंग असतो तो.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर काकतीचा एक शेतकरी होता. त्याचे दोघे भाऊ रोज तोंडाला फडकं बांधून खिडकीबाहेर उभे राहायचे. बोलायचे ऊस आणि म्हशीबद्दलच, पण यायचे. चौथ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "तुमास्नी कोन न्हाय का वो?"

"आहेत. लांब आहेत," मी म्हणालो.

मी फोन चार्ज करून उशाशी ठेवायचो. आवाज मोठा केलेला. एक फोन आला नाही. पहिल्या रविवारी दहा वाजता मी घड्याळ बघत पडलो होतो. आता सुशीला हार्मोनियम घेऊन बसली असेल. आता यशवंतआप्पा, आमच्या मंडळीतले वडीलधारे, घसा खाकरून बायबल वाचत असतील. आता प्रार्थना-विनंत्या चालू असतील, कुणाचा गुडघा, कुणाच्या पोराची नोकरी. माझं नाव त्यात नव्हतं. कसं असेल? तरीही मला राग आला. मी एकेकाची आठवण काढत बसलो, कुणाच्या आजारपणात मी किती वेळा गेलो होतो त्याची. लोकांनी माझ्या खोट्यावर विश्वास ठेवला म्हणून मी त्यांच्यावर रुसलो होतो. आज हसू येतं. तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडून राहायचो.

आठव्या दिवसापासून उलट्या सुरू झाल्या. डोळे पिवळे पडले. ड्रग इंड्यूस्ड हेपटायटिस, म्हणजे औषधांमुळंच लिव्हरला आलेली सूज. गोळ्या बंद केल्या. लिव्हर ताळ्यावर आल्यावर एकेक करून परत सुरू करायच्या, तोपर्यंत थांबायचं. टीबीपेक्षा हे थांबणं मला जास्त कठीण गेलं.

एक सिस्टर रोज दुपारी प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारायची, "ऊट आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. ती सगळ्यांनाच विचारायची. तरीही मी त्या प्रश्नाची सकाळपासून वाट बघायचो, आणि तो आला की खाली मान घालायचो. गावात माझा उपास चालू होता ना.

पंधराव्या दिवशी जरा भूक लागली. ताटात भात, आमटी, चपाती आणि एक उकडलेलं अंडं होतं. पहिला घास तोंडात घातला आणि फोन वाजला. यशवंतआप्पा.

"पाळकसाहेब, माफ करा. तुमच्या उपासात मोडता घालतोय."

"बोला आप्पा." घास मी गालात सरकवला.

"तानूआक्का पडली चक्कर येऊन. साखर एकदम उतरली. संकेश्वरला आनलंय, सलाईन लावलंय. तुमी गेल्यापास्नं तिनं बी उपास धरलाय. आमी समद्यांनी घरटी एकेक दिस वाटून घेतलाय, पर ती रोज धरती. दिसभर काय न्हाय, सांजच्याला अर्धी भाकरी. साखरेच्या गोळ्या मातुर चालू. आता जेव म्हनलं तर म्हंती, पाळकसाहेब उपाशी हाईत, मी कशी जेवू? तुमी सांगा तिला."

तानूआक्का सत्तरीच्या. एकट्या राहतात, अजून बिड्या वळतात. हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत भिंतीला टेकून बसतात. मी समोरच्या अंड्याकडं बघितलं. तो घास मला गिळवेना आणि थुंकवेना.

"आक्कांना द्या फोन," मी म्हणालो.

सलाईनच्या खाटेवरून त्यांचा बारीक आवाज आला. "तुमी उपास सोडल्याबिगर न्हाय."

"आक्का, मी उपासाला गेलोच नाही. बेळगावला दवाखान्यात आहे. टीबी झालाय मला. मी रोज जेवतो. आत्ता सुद्धा जेवतोय."

मला वाटलं, संपलं. सतरा वर्षं संपली.

मग त्या म्हणाल्या, "कोन हाय तुमच्याजवळ?"

"कुणी नाही."

"पंधरा दिस?"

"हो."

"येडं का खुळं हाईसा वो तुमी?" माझ्याशी असं कुणी सतरा वर्षांत बोललं नव्हतं. मग फोन बाजूला धरून, "आप्पा, दे रं ती भाकरी हिकडं," आणि परत मला, "मी जेवती. तुमी बी ताटावरनं उठू नगासा."

मी रडलो. मोठ्यानं, काकतीचा तो शेतकरी उठून बसला इतक्या मोठ्यानं. आणि रडत रडत ते अंडं खाल्लं, कारण आक्कांनी सांगितलं होतं.

तासाभरात मी डॉक्टरबाईंसमोर उभा होतो. केसपेपरच्या मागं नावं लिहून दिली, हॉलमध्ये बसतात त्या रांगेनं, म्हणजे कुणी सुटायला नको. एक्केचाळीस नावं. पहिल्या रांगेत, माझ्या तोंडासमोर, सुशीला. आप्पांची सून.

बाईंनी यादी वाचली. "पंधरा दिवस वाया घालवले तुम्ही," म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरकारी दवाखान्याची माणसं आमच्या गावात गेली. चाळीस जण ठीक निघाले. सुशीलाच्या थुंकीत जंतू सापडले. आप्पांनी स्वतः फोन करून सांगितलं.

"आप्पा, माझ्यामुळं..."

"डाक्टर म्हंत्यात, कुनामुळं ते सांगता येत न्हाय," आप्पा म्हणाले. क्षमा हा शब्द मी आयुष्यभर वापरला, त्या दिवशी ती मागायचंही सुचलं नाही. तिचं लवकर कळलं म्हणून पाणी वगैरे झालं नाही, गोळ्या सोसल्या. ते आणखी पंधरा दिवस आधी कळू शकलं असतं, हेही तितकंच खरं.

लिव्हर ताळ्यावर आलं, गोळ्या एकेक करून परत सुरू झाल्या, आणि सव्विसाव्या दिवशी, थुंकीत जंतू नाहीत अशी खात्री करून मला घरी सोडलं. आता पाचवा महिना चालू आहे. तीन घरं उपासनेला यायची थांबली, ती अजून आलेली नाहीत. भेटले तर बोलतात, लांबून. हॉलच्या चारही खिडक्या आता उघड्या असतात, थंडीतही. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर गोळी एक दिवसही चुकवू नका, आणि तुमच्या श्वासाच्या टप्प्यात कोण होतं ते पहिल्याच दिवशी सांगा. लाज वाटेल. ती सोसते. मी अजूनही बऱ्याचदा एकटाच जेवतो, पण दुपारी तानूआक्कांचा फोन येतो, "जेवलासा का?" नसलो तर नाही म्हणतो.

शेवटी परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारचं सांगतो. मी मास्क लावून दारापाशी खुर्चीवर बसलो होतो. सुशीला मास्क लावून खिडकीबाहेर ओट्यावर. हार्मोनियम बंद होतं. साक्षीची वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो. लोकांना वाटलं असेल, देवानं बरं केलं असं सांगेन. मी म्हणालो, "मी तुमच्याशी खोटं बोललो. डॉक्टरांशीही. सुशीला, तुझ्यासमोर उभं राहायला मला लाज वाटते." कुणी आमेन म्हटलं नाही. पत्र्यावर कावळा चालत होता, तेवढाच आवाज.

आता माझ्यासाठी प्रार्थना कोण करणार, हा प्रश्नच होता. आमच्यात हात ठेवतो तो पाळक. आप्पा जागेवरून हलले नाहीत. तानूआक्का भिंतीला धरून उठल्या, चालत आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला तंबाखूचा वास होता. बायको गेल्यापासून माझ्या डोक्यावर कुणाचा हात आला नव्हता.

आक्कांनी कधी चारचौघांत प्रार्थना केलेली नाही. मग त्या म्हणाल्या, "देवबापा, पुढच्या डावाला ह्येला एकलं आजारी पडू देऊ नगंस."

खिडकीबाहेरून सुशीला म्हणाली, "आमेन."