आधी यादी, मग नक्कल

सत्तरच्या दशकात मी एका कचेरीच्या रेकॉर्ड खोलीत कारकून होतो. जमिनीचे जुने कागद गावागावाच्या बस्त्यांत बांधलेले असत. कोणाचा कागद कुठल्या बस्त्यात, कितव्या नंबरला, हे सांगणारी एकेका गावाची एकेक यादी होती. बस्ते शाबूत राहिले आणि मेल्या वाळवीनं नेमक्या याद्या खाल्ल्या. किती गावांच्या, ते कोणी उघडून पाहिलं नव्हतं.

मी साहेबांना म्हटलं, खोली काही दिवस बंद ठेवू, सगळ्या याद्या एकदमच नव्या करू. ते म्हणाले, लोक बोंबलतील. मग म्हटलं, निदान रोज सकाळी थोड्या थोड्या तपासू, खराब निघाली की लगेच करू. त्यालाही माणूस नव्हता. शेवटी हुकूम निघाला: ज्या गावाचा अर्ज येईल त्याचीच यादी उघडायची, खराब असली तर आधी ती पुरी करायची, मगच नक्कल द्यायची. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची, अन् खणायला मी एकटा. घरी आलो की बायको विचारे, "काहून बोलत नाही?" बोलायला जीवच उरत नसे.

त्यातच अनसिंग गावची एक विधवा बाई आली. नवरा गेल्यावर दिरानं शेतावर हक्क सांगितला होता. वाटणी झालीच नाही म्हणे. परवा कोर्टात तारीख होती. वाटणीची नोंद दाखवली तर शेत तिचं, नाही तर गेलं.

अनसिंगची यादी उघडली तर हातात भुसाच आला.

गाव मोठं. बस्त्यांच्या गाठी सोडून एकेक कागद वाचत बसलो. ती दाराशी बसून राहिली. दुपारीच तिच्या नवऱ्याची नोंद सापडली. म्हटलं, "आहे बाई, तुमच्या मालकाचं नाव आहे."

ती उठून उभी राहिली. "मंग द्या ना मले."

पण सगळी नावं क्रमानं लावल्याशिवाय नंबर पडत नसे, आणि नकलेवर नंबर पाहिजेच. साहेबांकडे गेलो. म्हटलं, आज नक्कल देऊ, नंबर मागाहून टाकू. साहेब मान वर न करता म्हणाले, "अर्धी यादी म्हणजे यादी नाही. उद्या नंबर बदलला तर जबाबदार कोण?" त्यांचं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच संताप आला.

दुसऱ्या दिवशीही ती शेवटच्या एसटीपर्यंत बसली. माझी मान मोडून आली, पण यादी पुरी झाली नाही. तारखेला ती रिकाम्या हातानं गेली आणि शेत दिराचं झालं.

पुढं यादी झाली. अनसिंगचा कोणीही आला की चटकन नक्कल मिळू लागली. साहेब खूश होते. मला त्या यादीकडे पाहवत नसे.

एक दिवस ती परत आली आणि नक्कल मागू लागली.

"आता कायले पाह्यजे, बाई?" मी विचारलं. थकलो होतो, आवाज रुक्षच निघाला.

"पोरगी लहान आहे," ती म्हणाली. "गावात समदे म्हणतात, वाटणीचं तिचा बाप खोटंच सांगे. मोठी झाली का दाखवीन तिले, तुहा बाप खरा होता म्हणून."