बारावं शुक्रवारी

माझ्या नवऱ्याचं बारावं अतिशय चांगलं झालं. वडे खुसखुशीत होते, खीर बेताची गोड होती, माणसंही भरपूर जमली होती, आणि नवरा स्वतः मोटारसायकलवरून वेळेत पोहोचला.

या प्रकाराला मी जबाबदार नाही, मराठी भाषा जबाबदार आहे. (मी शहापूरच्या एका शाळेत तीच शिकवते, हा निव्वळ योगायोग!) झालं असं, की चाळिशी उलटल्यावर मला कादंबरी लिहायची हुक्की आली. अडीच वर्षं मी सगळ्या शहापूरला सांगत होते, "पुस्तक येतंय हं!" भाजीवालीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. पुढे पुढे दूधवालाच विचारायला लागला, "बाई, आलं का?" आणि मी मान खाली घालून पातेलं पुढे करायची.

ठाण्याच्या संपादकांनी मला दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा मात्र ते म्हणाले, "मॅडम, महिनाअखेरीला पूर्ण हस्तलिखित हवं. नाहीतर तुमच्या जागी दुसरं पुस्तक घेतो. आणि एक सांगू? भाषा सुंदर आहे तुमची, पण माणसं श्वास घेत नाहीत." माणसांचं नंतर बघू, आधी मला स्वतःला श्वास घ्यायला वेळ हवा होता! एकूण तेरा प्रकरणं. त्यांतली शेवटची दोन-तीन काही केल्या हलत नव्हती.

घरी लिहिणं अशक्य झालं होतं. लग्नसराई सुरू झालेली. आमच्या इमारतीच्या डावीकडे हळद, उजवीकडे हळद, आणि दोन्हीकडच्या डीजेंची एकमेकांशी स्पर्धा. नायिका खिडकीपाशी उभी राहून उसासा टाकणार, तेवढ्यात भिंती हादरायच्या आणि उसासा राहून जायचा. शेवटी सासूबाईच वैतागल्या. "अगो, तुझं काय ते बाहेर कुठं जाऊन उरक एकदाचं! घरात नको आता." मी शाळेत रजा टाकली आणि बॅग भरली.

सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यात, माझ्या तारामावशीचं घर आहे. मावशी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला डोळखांबला गेली होती. किल्ली शेजारच्या जनाकाकूंकडे. समोर डोंगर, मागे झाडी, माणसांची वर्दळ नाही. मी गेल्या गेल्या बांगड्या काढल्या, कारण त्या लॅपटॉपवर खणखण वाजतात. मंगळसूत्र काढलं, कारण ते बटणांवर आपटून आपोआप 'क्ष' उमटतो. टिकली कुठेतरी पडली, ती शोधायला वेळ नव्हता. अंगात जुना पांढरा कुर्ता, केसांत पेन्सिल. साहित्यिक असाच दिसतो, अशी माझी समजूत होती.

त्या घरात फोनला रेंज नाही. अंगणाच्या कडेच्या आंब्याखाली उभं राहून ओरडलं, तरच पलीकडे ऐकू जातं. दुसऱ्याच दिवशी संपादकांचा फोन आला. मी आंब्याखाली उभी, आणि कुंपणापलीकडे जनाकाकू सुपात तांदूळ पाखडत बसलेल्या.

"हो सर! दहावं झालं!" मी ओरडले. "अकरावंही उरकलं कसंबसं! बारावं शुक्रवारी! हो, तेरावं रविवारी करून टाकते, म्हणजे मी मोकळी!"

कुंपणापलीकडचं सूप थांबलं. माझं तिकडे लक्ष नव्हतं.

संध्याकाळी काकू दुधाचा तांब्या घेऊन आल्या. माझ्या कपाळाकडे बघितलं, हातांकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं आणि उंबऱ्यातच बसल्या.

"मीना गो, आमाला कळवलं पन नाय."

मला वाटलं, लिखाणाबद्दल म्हणतायत. "काय सांगणार काकू? कोणाला त्रास नको म्हटलं."

"लई दिवस चाललं होतं का?"

"अडीच वर्षं! घरातल्या सगळ्यांनी आशा सोडली होती."

"अरे देवा! मंग सुटलं म्हनायचं."

"सुटलं कुठे? शेवट फार जड जातोय काकू. रडू येतं."

"येनारच गो बाय. आनि सासू? ती काय बोलली?"

"त्या म्हणाल्या, तुझं काय ते बाहेर जाऊन उरक, घरात नको."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू काय पन काळजी करू नको. शुक्रवारी ना? शहरात सोयीचा वार बघून करतात, ठाव हाय. आमी हाव ना सगळी." एका लेखिकेच्या बाराव्या प्रकरणासाठी एवढी माया! मला भरून आलं. मी म्हटलं, "काकू, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून मराठी टिकून आहे." त्या तांब्या तिथेच ठेवून लगबगीने निघाल्या. दुःखाने माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, असं त्यांनी नंतर गावात सांगितलं म्हणे.

दुसऱ्या दिवसापासून काय विचारता! सकाळी भाकरी दारात, दुपारी भात-आमटी दारात. पोरं अंगणाजवळून जाताना चपला हातात घेऊन जायची. बायका यायच्या, माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायच्या आणि निघून जायच्या. घरामागच्या खळ्यावर भाताची मळणी जोरात चालली होती, ती बंद झाली. भारे तसेच उघड्यावर पडलेले. पलीकडच्या आळीत एक हळद होती, तिथला डीजेसुद्धा वाजला नाही. मी दामूतात्यांना (म्हणजे गावातले वयाने सगळ्यात मोठे) विचारलं, "तात्या, मशीन का बंद?" ते खालमानेने म्हणाले, "तुज्या घरी असं असताना आमी मशीन लावू? मान्सं हाव का कोन?"

मी घरात आले आणि आरशात स्वतःकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं. शहापुरात मला कुत्रं विचारत नाही, आणि इथे माझ्या लिखाणासाठी अख्खं गाव भात उघड्यावर टाकून बसलंय! त्या भरात मी बारावं प्रकरण लिहायला घेतलं. नायिका सिद्धगडावर एकटी उभी राहून मावळत्या सूर्याकडे बघते आणि जीवनाचा अर्थ शोधते, असं ते होतं. निम्म्यावर आल्यावर लॅपटॉप विझला. बघते तर चार्जरची वायर उंदराने कुरतडलेली!

मी धावत आंब्याखाली गेले आणि दिलीपला, म्हणजे नवऱ्याला, फोन लावला. तो ड्युटीवर असला की फोन उचलत नाही. मी पुन्हा लावला. पुन्हा नाही. अर्धं प्रकरण त्या विझलेल्या डब्यात अडकलेलं, मुदत तोंडावर आलेली, माझा धीरच सुटला. "उचल ना रे!" मी रडत ओरडले. "कुठे गेलास मला अशी एकटी सोडून? आता मी कोणाकडे बघायचं?"

कुंपणापलीकडे दोन बायका हमसून हमसून रडायला लागल्या. साहित्यावरचं संकट त्यांनाही पाहवलं नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. मग 'शुक्रवारी सुट्टी आहे ना, नवा चार्जर घेऊन ये' असा निरोप दिलीपला टाकला आणि प्रकरण पुन्हा पहिल्यापासून हातानेच लिहून काढलं.

शुक्रवारी सकाळी उठून बाहेर आले तर अंगणात मांडव! चुलाण पेटलेलं, मोठाली पातेली, भोपळे चिरणाऱ्या बायका. मी काकूंना म्हटलं, "अहो, एवढं कशाला?"

"गप गो. कोनी नाय असं वाटायला नको तुला."

म्हणजे सत्कार! माझ्या मनात शंकाच उरली नाही. मी केस विंचरले, त्यातल्या त्यात बरा कुर्ता घातला आणि दोन शब्द बोलायची तयारी केली. दुपारपर्यंत गाव जमलं. सगळे खाली माना घालून बसलेले. (ग्रामीण श्रोता किती शिस्तीचा असतो!) कोणी बोलायला सांगेना, म्हणून मीच उभी राहिले.

"तुम्ही सगळे आलात, मला शब्द सुचत नाहीत," मी म्हणाले. "अडीच वर्षं हे ओझं मी एकटीने वाहिलं. आज बारावं झालं. रविवारी तेरावं झालं की मी सुटले! आणि हो, मी थांबणार नाहीये. लगेच दुसरं करणार आहे!"

मांडवात कोणाचा तरी तांब्या पडला.

"दुसरं?" दामूतात्यांनी मान वर केली. "येवढ्यात?"

"हो तात्या! मन रमायला हवं ना. आणि या वेळचा माणूस मी निवडलासुद्धा. तो याच गावातला आहे!"

मांडवातले सगळे पुरुष जमिनीकडे बघायला लागले आणि सगळ्या बायका आपापल्या नवऱ्याकडे. जनाकाकूंनी तर स्वतःच्या नवऱ्याचा दंडच धरला. तेवढ्यात कुंपणावरून कोणीतरी ओरडलं, "तात्या, कावला शिवत नाय पानाला!"

कुंपणाच्या दगडांवर केळीच्या पानात वडे, खीर, भोपळ्याची भाजी वाढून ठेवली होती. माझ्या डोक्यात प्रकाश पाडायला ते पुरेसं होतं, पण डोक्यात भाषण असल्यामुळे जागा नव्हती. तात्या हात जोडून पानासमोर गेले. "दिलीपराव, काय इच्छा राहिली असंल ती सांगा. पोरीकडं आमी बघू. ती दुसऱ्याचं बोलतेय ते मनावर घेऊ नका."

"दिलीपराव?" मी म्हणाले.

आणि फटफट आवाज करत मोटारसायकल आली. किन्हवली, सरळगावमार्गे शहापूरहून निघालेला माझा नवरा धुळीने पांढराफटक झाला होता. हेल्मेट काढलं, इकडेतिकडे बघितलं, आणि समोरच वाढलेलं पान दिसल्याबरोबर त्यातला एक वडा उचलून तोंडात टाकला. सकाळपासून उपाशी होता बिचारा!

"शिवला!" कोणीतरी किंचाळलं.

पुढे मांडवात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. दोन बायका भोपळ्यांवर पडल्या, एक जण पातेल्यामागे लपला. तात्या तेवढे हात जोडून जागच्या जागी उभे. दिलीप दुसरा वडा उचलत म्हणाला, "मस्त झालेत! कोणाचं कार्य आहे?"

"तुमचं," तात्या म्हणाले.

मग सगळा उलगडा झाला. मी कपाळावर हात मारून म्हटलं, "अहो, बारावं प्रकरण! पुस्तकाचं बारावं!"

जनाकाकू पुढे आल्या. "म्हंजे पुस्तक मेलं?"

"नाही हो! पुस्तक लिहितेय मी!"

"लिवतेस? आनि तुज्यापायी आमी मळनी बंद ठेवली? त्या पोरीची हळद मुकी केली? डोळखांबला बालंतिनीच्या घरी नको सांगायला म्हनून तुज्या मावशीपासून लपवलं?" बोलता बोलता त्यांनी दिलीपकडे बघितलं. तो त्या पानातली खीर संपवत होता. काकूंना हसू फुटलं. मग सगळा मांडव हसला. मी मात्र रडले. लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त म्हणजे, या माणसांनी माझ्यासाठी काय काय सोसलं होतं, ते तेव्हा कळलं. माझं लिखाण त्यांना माहीतही नव्हतं. एका एकट्या पडलेल्या बाईसाठी त्यांनी हातातली कामं सोडली होती.

"येवढं जेवान केलंय," पंगत उठल्यावर तात्या म्हणाले, "तर ते बारावं वाचून तरी दाखव."

मी वाचलं. नायिका सूर्याकडे बघत होती तोवर पहिली रांग झोपली. ती जीवनाचा अर्थ शोधायला लागली तेव्हा शेवटची रांग झोपली. माझा नवरा पहिल्याच वाक्याला झोपला होता. जागे होते एकटे तात्या. ते म्हणाले, "चांगलं हाय. जेवल्यावर बरं वाटतं."

मी ते कागद चुलाणात घातले. त्याच संध्याकाळी नव्या चार्जरवर नवं बारावं लिहायला बसले. मांडव, भोपळे, कावळा, वडा, काकूंनी धरलेला दंड, सगळं घातलं. (नायिकेचा नवरा आधी कादंबरीत नव्हता, तो घुसवला.) आता मागे मळणीचं मशीन धडधडत होतं आणि राहिलेल्या हळदीचा डीजे व्याजासकट वाजत होता, तरी हात थांबला नाही. रविवारी तेरावं झालं. सोमवारी, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, आंब्याखाली उभं राहून मी ते सगळं संपादकांना धाडलं. ते पोहोचलं म्हटल्यावर तिथेच मटकन खाली बसले.

पुढे मावशीच्या नातवाला बघून येताना मी पेढे घेऊन जनाकाकूंकडे गेले. आंब्यापाशी पोहोचते तोच संपादकांचा फोन आला.

"मॅडम, मुदतीत दिलंत, छापायला घेतोय! भाषा नेहमीसारखीच सुंदर. माणसं अजून श्वास घेत नाहीत, पण असू दे. एक मात्र सांगतो, तेवढं बारावं जिवंत आहे!"

"काय?" मी ओरडले. "म्हणजे बाकीची बाराच्या बारा मेलेली?"

कुंपणापलीकडचं सूप थांबलं.

"बारा?" जनाकाकू म्हणाल्या. "मंग त्यांचं कवा करायचं गो? भोपले हायत अजून माल्यावर!"