उदबत्तीचं टोपण

धुळ्यात तेव्हा दोन खोल्या आणि एक पाटी असली की कॉम्प्युटर क्लास निघायचा. आमच्या सरांकडे पाच यंत्रं होती, त्याचाच त्यांना केवढा ताठा. देवळात शिरावं तशी चप्पल बाहेर काढायची आणि सर सांगतील ते वहीत उतरवायचं. फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र, अशी पंचवीस चित्रं सेकंदात पळवली की व्हिडिओ. बँडविड्थ म्हणजे तारेतून एका वेळी किती माहिती जाईल ते. त्या यंत्रांवर व्हिडिओ कुणाच्या बापानं पाहिला नव्हता. पाचही यंत्रं एका काळ्या तारेनं जोडलेली होती, पण वर्षभरात एकानं दुसऱ्याला ओळख दिली नाही. विचारलं की सर म्हणत, "ते ॲडव्हान्समध्ये येतं."

मला तेवढा वेळ नव्हता. वडिलांनी, आमच्या आबांनी, दोंडाईच्याजवळच्या गावाहून मला एका वर्षाच्या बोलीवर पाठवलं होतं. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर घरी येऊन कापूस वेचायचा.

एकदा सरांनी बस टोपोलॉजी शिकवली. एकच तार, तिच्यावर ओळीनं सगळी यंत्रं. "ही एसटी समजा आणि हे तिचे थांबे." मी विचारलं, "सर, शेवटच्या थांब्यानंतर काय होतं?" वर्ग हसला. सर म्हणाले, "काय होणार? बस परत येते. लिहून घ्या." आम्ही शहाण्यांनी लिहून घेतलं.

वर्ष सरता सरता जळगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये मदतनिसाची जागा निघाली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलेले सगळे शब्द मी घडाघडा म्हटले. मग त्यांनी तारेचं मोकळं टोक माझ्या हातात दिलं. "सिग्नल इथपर्यंत आला. आता?"

"परत येईल," मी ठसक्यात म्हणाले.

"बरोबर. मग?"

मग काय, कपाळ माझं! वहीत त्यापुढे काही नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाईच म्हणाल्या, "परत आलेला सिग्नल पुढच्यावर आदळतो आणि सगळं बंद पडतं. तो परत येऊ नये म्हणून तारेच्या दोन्ही टोकांना हे लावतात. टर्मिनेटर." त्यांच्या तळहातावर बोटाच्या पेराएवढं चकचकीत टोपण होतं.

जागा गेली. पण ते टोपण मी रोज बघत होते. क्लासात गणपतीच्या तसबिरीपुढे ते उलटं ठेवलेलं असे, आणि सर त्यात उदबत्ती खोचत.

एसटीनं मी परत आले, सरांच्या शास्त्राप्रमाणे. दोंडाईच्याच्या स्टँडवर आबा उभे होते. "बठ्ठं शिकी उनी ना व माय?" त्यांनी विचारलं. मला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. म्हटलं, "सगळं शिकून आले, एक टोपण राहिलं, आबा. दोन दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी क्लासात गेले. तारेच्या एका टोकाला तसलंच टोपण होतं, दुसरं टोक उघडं. उदबत्ती काढली, टोपणातली राख फुंकली, ते साडीच्या पदरानं पुसून उघड्या टोकावर बसवलं. थोड्या वेळानं पाचही यंत्रं एकमेकांना दिसायला लागली. सरांनी तसबिरीला हात जोडले. "बघा, श्रद्धेचं फळ," ते म्हणाले.

मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या बॅचला हे तूच शिकव. पगार देईन."

मी खडू उचलला. "शिकवते," म्हटलं. "चप्पल बाहेर काढा आणि पहिल्या बाकावर बसा, सर."